पाच माणसांचे रात्रीचे जेवण, भाजलेले बटाटे आणि एक तास ओव्हन : खर्च नेमका कोठे होतो?

पायरीवरची

नमस्कार. आम्ही उत्तर इंग्लंडमध्ये, मँचेस्टरपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर राहतो. घरात आम्ही दोघे, नऊ आणि तेरा वर्षांची मुले आणि सध्या भारतातून आलेल्या सासूबाई, अशी पाच माणसे जेवायला असतात. मुलांना शाळेच्या जेवणात बऱ्याचदा जॅकेट पोटॅटो मिळतो. सालीसकट ओव्हनमध्ये भाजलेला मोठा बटाटा मधोमध फोडायचा, आत लोणी घालायचे आणि वर टोमॅटोच्या रसातले बीन्स व किसलेले चीज. ‘इतके स्वस्त जेवण तू घरी कधीच का करत नाहीस?’ असे थोरल्याने विचारले, म्हणून गेल्या महिन्यात एका शुक्रवारी मी ते केले आणि दुकानाची पावती पाहून गप्प बसले. अकरा पौंडांच्या वर खर्च झाला होता आणि त्यात बटाट्यांचा वाटा जेमतेम दोन पौंड होता. बाकी सगळे पैसे तयार कोलस्ला (मेयॉनेजमधली कोबीची कोशिंबीर), किसून पाकिटात भरलेले चीज, ट्यूनाचे डबे आणि आंबट क्रीम यांवर गेले होते. एवढे करून बटाटेही ओलसर आणि चिवट झाले होते, ते वेगळेच.

त्यानंतर सलग चार शुक्रवार मी हेच जेवण केले आणि प्रत्येक वेळी वजन, वेळ, मीटरवरचे आकडे आणि खर्च लिहून ठेवला. त्यातून जे हाती आले ते येथे मांडते. जाणकारांनी दुरुस्त्या सुचवाव्यात.

आधी बटाट्याविषयी. येथे खास भाजण्यासाठी म्हणून मोठे बटाटे चार-चार वेगळे बांधून ठेवलेले असतात आणि किलोमागे त्यांचा भाव साध्या पिशवीपेक्षा चढा असतो. अडीच किलोची साधी पिशवी घेऊन त्यातले पाच मोठे बटाटे निवडले तरी काम तितकेच चांगले होते आणि उरलेले लहान बटाटे रस्साभाजीला येतात. मात्र जात पाहून घ्यावी लागते. भाजायला पिठूळ बटाटा हवा, म्हणजे ज्यात पिष्ट अधिक आणि पाणी कमी असते. किंग एडवर्ड ही १९०२ पासूनची जुनी जात आणि मारिस पायपर ही १९६६ मध्ये केंब्रिजच्या संशोधन संस्थेतून आलेली जात, या दोन्ही येथे कोठेही मिळतात. (त्या संस्थेशेजारच्या मारिस लेन नावाच्या गल्लीवरून ‘मारिस’ हे नाव आले.) पहिल्या वेळी मी सॅलडचे गुळगुळीत, पातळ सालीचे बटाटे आणले होते. ते आतून कधी मोकळे होतच नाहीत, कितीही भाजले तरी साबणाच्या वडीसारखे घट्ट राहतात.

आता कृती. बटाटे घासून धुवावेत, पूर्ण कोरडे करावेत, काट्याने सात-आठ ठिकाणी टोचावेत आणि तेलाचा हात फिरवून वरून जाडे मीठ चोळावे. ओव्हनच्या जाळीवर ते थेट ठेवावेत, खाली ताट नको, म्हणजे सगळीकडून गरम हवा लागते. पंख्याचा ओव्हन असेल तर १९० अंश सेल्सिअस, नसेल तर २१० पुरे होते. २८० ग्रॅमच्या बटाट्याला माझ्या ओव्हनमध्ये सव्वा तास लागतो. दाबल्यावर बटाटा हाताखाली सहज दबला पाहिजे. मांस भाजताना वापरतात तो सुईचा तापमापक असेल तर आतले तापमान ९८ अंशांच्या आसपास आले की बटाटा झाला. बाहेर काढताक्षणी फुलीसारखी चीर देऊन दोन्ही हातांनी खालून दाबावा, म्हणजे आतली वाफ झटकन निघून जाते. दहा मिनिटे न फोडता तसाच ठेवला तर तीच वाफ आत जिरते आणि पिठूळ बटाटाही गिच्च होतो. माझी पहिली फसगत निम्मी या कारणाने आणि निम्मी फॉइलमुळे झाली होती. फॉइलमध्ये गुंडाळलेला बटाटा भाजला जात नाही, तो स्वतःच्याच वाफेत उकडला जातो.

तिसऱ्या शुक्रवारपासून मी दुकानातले सारण पूर्ण बंद केले. पाव किलो मटकीला आदल्या दिवशी मोड आणून तिची सरसरीत उसळ, घट्ट दही, कोबी-गाजराची कोशिंबीर आणि मुलांसाठी थोडे चेडर चीज, ठोकळा आणून घरी किसलेले. पाचही जण पोटभर जेवले आणि वीज धरून खर्च सव्वाचार पौंड आला. त्यात वीज साधारण ३६ पेन्सची होती, बटाटे सव्वा पौंडाचे आणि उरलेले पैसे सारणाचे. मला सर्वांना विचारायचे आहे की हा खर्च याहून खाली आणता येईल का आणि भारतात मोठा ओव्हन नसताना हे जेवण कोणी करते का?

घड्याळजी

नोंदी ठेवून लिहिलेला पाककृतीचा धागा क्वचित वाचायला मिळतो, म्हणून आधी आपले आभार मानतो. एक प्रश्न आहे. आपण बटाटे ठेवण्यापूर्वी ओव्हन रिकामा किती वेळ तापवता? केक किंवा बिस्किटांना आधी तापवलेला ओव्हन लागतो, कारण त्यांचे फुगणे पहिल्या काही मिनिटांवर अवलंबून असते. बटाट्याला तसे काही नसते. थंड ओव्हनमध्ये बटाटे ठेवूनच बटण सुरू केले तर एकूण वेळ पाच-सात मिनिटांनी वाढतो, परंतु रिकामी भट्टी तापवण्याची दहा-पंधरा मिनिटे वाचतात. तसेच शेवटची दहा मिनिटे ओव्हन बंद करून दार न उघडता ठेवला, तर आतल्या उष्णतेवर बटाटे पूर्ण होतात.

दुसरे म्हणजे मायक्रोवेव्हचा हिशेब. पुष्कळ लोक सांगतात की मायक्रोवेव्ह स्वस्त पडतो आणि एका बटाट्यापुरते ते खरे आहे, कारण सहा-सात मिनिटांत तो शिजतो. परंतु मायक्रोवेव्हमध्ये जितका जिन्नस वाढेल तितका वेळही वाढतो. पाच मोठ्या बटाट्यांना वीस-पंचवीस मिनिटे लागतील आणि साल कुरकुरीत करायची असेल तर पुन्हा पंधरा-वीस मिनिटे गरम ओव्हन लागेलच. ओव्हनचे गणित याच्या उलट आहे. त्याची बरीचशी वीज भट्टीच्या भिंती तापवण्यात आणि बाहेर निसटणारी उष्णता भरून काढण्यात जाते, त्यामुळे आत पाच बटाटे असोत की दहा, मीटरवर फारसा फरक पडत नाही. म्हणून एकट्याने राहणाऱ्याने मायक्रोवेव्ह वापरावा आणि पाच जणांच्या घराने ओव्हन वापरावा, पण तो भरून वापरावा. आपल्या सव्वा तासात त्या जाळ्यांवर आणखी काय काय भाजले जात होते, हे आपण लिहिलेले नाही.

पायरीवरची

काहीही भाजले जात नव्हते. पाच बटाटे आणि भोवती सगळी रिकामी जागा! आपण बोट ठेवले ते बरोबर ठिकाणी ठेवले. वीस मिनिटे आधी तापवतही होते, कारण पाकिटावर तसे लिहिलेले असते.

खलबत्ता

पायरीवरची ताई, त्या रिकाम्या जागेत वांगी ठेवा. दोन मोठी वांगी टोचून, तेलाचा हात लावून खालच्या जाळीवर एका ताटात ठेवली की पाऊण तासात ती गळून पडतात आणि दुसऱ्या दिवशीच्या भरीताची सोय होते. त्याच ताटात सहा-सात टोमॅटो आणि लसणाचा एक गड्डा सालीसकट ठेवावा. टोमॅटो पूर्ण मऊ झाले की लसूण पिळून त्यात घालावी, वर मीठ, तिखट आणि कच्चे तेल, आणि ही चटणी बटाट्यावर चीजपेक्षा सरस लागते. टोमॅटोला रस सुटतो म्हणून ताट खोलगट घ्यावे, नाहीतर ओव्हनचा तळ घासण्यात शनिवार जाईल.

मी नाशिकची आहे, येथे मोठा ओव्हन नाही, २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन आहे. त्यावर १५०० वॅट लिहिलेले आहे, पण तापमान गाठल्यावर तो आपोआप बंद-चालू होत राहतो, त्यामुळे तासाभरात दीड युनिटाच्या बराच खाली राहतो. आपल्याकडे २८० ग्रॅमचे बटाटे सहसा मिळत नाहीत. दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचे आठ बटाटे वरची आणि खालची अशा दोन्ही तापणाऱ्या कांड्या लावून २०० अंशांवर पन्नास मिनिटांत होतात, मात्र मध्ये एकदा उलटावे लागतात. टोचण्याची सूचना कोणी हसण्यावारी नेऊ नये. माझ्याकडे एकदा एक न टोचलेला बटाटा आत फुटला आणि कांडीवर चिकटलेल्या त्याच्या कणांचा जळका वास पुढच्या तीन केकांना येत राहिला.

नाकमुरडे

सर्व वाचले आणि कौतुकही वाटले, परंतु माझा मूलभूत आक्षेप नोंदवतो. वांगे ओव्हनमध्ये भाजून त्याचे भरीत करणे हा वांग्यावर अन्याय आहे, कारण त्यात धुराचा वास औषधालाही नसतो. दुसरा आक्षेप असा की बटाटा आणि उसळ खाऊन ज्याचे पोट भरते त्या घरात पोळी-भाकरी कोण खाते? आमच्या घरी बटाटा हा भाजीचा जिन्नस आहे आणि भाजीबरोबर भाजी वाढून त्याला जेवण म्हणण्याची प्रथा नाही.

पायरीवरची

सासूबाईंचे शब्द तुमच्यापर्यंत कसे पोहोचले, हे कळेना. पहिल्या शुक्रवारी त्यांनी पूर्ण बटाटा संपवला, पाणी प्यायल्या आणि शांतपणे विचारले, ‘पोळ्या केव्हा लाटायच्या?’ तेव्हापासून मी एक गोष्ट शिकले. त्या ताटात बटाटा हा भाकरीच्या जागी आहे असे मनाशी धरून सारण आखायला हवे. भाकरी कशाशी खातो? रस्सा असलेल्या उसळीशी, पातळ पिठल्याशी, दह्याशी, ठेच्याशी. कोरडी भाजी घातली की बटाटा घशात अडकतो आणि मग लोणी-चीज वाढवत जावे लागते. मला वाटते की खर्च नेमका तेथेच वाढतो. भाजलेल्या बटाट्याला काहीतरी ओले आणि आंबट हवे असते आणि ते दुकानातून आणले तर क्रीम होते, घरी केले तर दही होते.

वांग्याबद्दल तुमचे म्हणणे मान्य आहे. शेवटची दोन मिनिटे गॅसच्या ज्योतीवर धरून पाहीन.

मेतकूट

काकू, दह्यात मेतकूट कालवून वर मोहरी-हिंगाची फोडणी घाला आणि ते फोडलेल्या बटाट्यावर ओता. मी पुण्यात वसतिगृहात राहतो आणि एका छोट्या एअर फ्रायरवर माझा संसार चालतो. त्यात दोनच बटाटे मावतात, २०० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत होतात. आईने पाठवलेले मेतकूट, मेसमधून आणलेले दही आणि हा बटाटा, एवढ्यावर रविवारची रात्र निघते, कारण रविवारी रात्री मेस बंद असते. शेंगदाण्याची चटणीही घालून पाहिली आहे, पण ती दह्यात कालवूनच घालावी, सुकी घातली तर ठसका लागतो.

पठारावरून

मी आंबेगाव तालुक्यातला शेतकरी आहे. आमच्याकडे सातगाव पठारावर खरिपात, पावसाच्या पाण्यावर बटाटा होतो, म्हणून बियाण्याविषयी चार शब्द लिहितो.

भारतात बटाट्याच्या बहुतेक जातींच्या नावापुढे ‘कुफरी’ लागते, कारण सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे काम सिमल्याजवळच्या कुफरी या गावाशी जोडलेले आहे. मंडईत जो गोल, पिवळसर, पातळ सालीचा बटाटा सर्वांत जास्त दिसतो, तो पुष्कळदा कुफरी पुखराज असतो. तो लवकर तयार होतो, उतारा भरपूर देतो, रस्सा आणि भाजीला उत्तम, परंतु त्यात पाणी अधिक असल्यामुळे भाजल्यावर पिठूळ होत नाही. कुफरी ज्योती त्या मानाने बरा. वेफर्सच्या कारखान्यांसाठी १९९८ मध्ये चिपसोना या जाती आल्या, त्यांत पाणी कमी आणि घन भाग जास्त असतो, आणि भाजायला खरे तर तोच बटाटा हवा. दुकानदाराला ‘चिपसोना’ म्हणून कळणार नाही. ‘वेफर्सचा बटाटा’ असे मागावे. होळीच्या पुढेमागे घरोघरी वेफर्स आणि किसाची वाळवणे सुरू होतात, त्या दिवसांत तो मंडईत सहज मिळतो आणि आकारानेही मोठा असतो.

मंडईतल्या शीतगृहाच्या मालाबाबत सावध राहावे. फार थंडीत बटाटा ठेवला की त्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. असा बटाटा चवीला गोडसर लागतो आणि ओव्हनमध्ये आतून शिजण्याआधीच बाहेरून काळपटतो. आणलेला बटाटा गोड निघालाच, तर तो आठ-दहा दिवस घरात साध्या तापमानाला, अंधारात, हवेशीर टोपलीत ठेवला तर गोडी बरीच कमी होते. उजेडात मात्र ठेवू नये, साल हिरवी पडते आणि तो हिरवा भाग खाण्याजोगा राहत नाही.

बटाटा पिठूळ आहे की नाही हे घरी ओळखायचे असेल तर अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवून त्यात बटाटा सोडावा. बुडाला तर भाजायला घ्यावा, तरंगला तर रस्स्यात टाकावा.

खलबत्ता

ही मिठाच्या पाण्याची परीक्षा आत्ताच करून पाहिली. कोपऱ्यावरच्या दुकानातले सहा बटाटे सोडले, पाच तरंगले. माझ्या ओटीजीला मी वर्षभर उगाच दोष देत होते.

दुर्वांकुर

माझ्याकडे ओव्हन, ओटीजी किंवा एअर फ्रायर यांपैकी काहीच नाही. रत्नागिरीला आजीच्या घरी चूल होती. रात्रीचा स्वयंपाक आटोपला की निखाऱ्यांवर राख ओढून त्या फुफाट्यात रताळी आणि बटाटे पुरून ठेवत असत, आणि सकाळी उठल्यावर ते काळे गोळे फोडून तूप-मीठ लावून आम्ही खात होतो. त्या चवीची आठवण या धाग्याने झाली, परंतु शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर फुफाटा आणायचा कोठून? गॅसवर काही करता येईल का? कुकरमध्ये उकडून नंतर तव्यावर परतणे हा उपाय कृपया सुचवू नये, तो करून झाला आहे आणि ती उकडलेल्या बटाट्याचीच चव आहे.

खलबत्ता

दुर्वांकुर, कुकरमध्ये मीठ पसरून केक करतात, तीच युक्ती येथे चालते. जुनी, जाड बुडाची लोखंडी किंवा बिडाची कढई घ्या. (नॉनस्टिक अजिबात नको, कोरड्या आचेने तिचा थर खराब होतो.) तळाशी बोटभर जाडीचे खडे मीठ पसरा, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा, मग शंभर-सव्वाशे ग्रॅमचे, टोचलेले, कोरडे बटाटे त्यावर ठेवा. घट्ट झाकण लावून मंद-मध्यम आचेवर पंचेचाळीस मिनिटे ठेवा आणि मध्ये एकदा उलटा. झाकणाला आतून पाणी जमले तर ते दोन-तीनदा पुसून घ्या, नाहीतर पुन्हा उकडण्याकडेच गाडी जाते. मीठ गार करून बरणीत भरून ठेवा, ते पुढे याच कामाला पुन्हा पुन्हा वापरता येते. मोठे बटाटे मात्र या पद्धतीने आत कच्चे राहतात, त्यामुळे माणशी दोन लहान असा हिशेब धरावा.

हडसनकाठी

मी न्यू जर्सीत राहतो. येथे भाजण्यासाठी रसेट नावाचा लांबट, खरखरीत तपकिरी सालीचा बटाटा वापरतात आणि आयडाहो राज्याचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. तो कमालीचा पिठूळ असतो आणि मोठ्या पिशवीत घेतला तर फारच स्वस्त पडतो.

फॉइलविषयी धागाकर्तीने चवीच्या अंगाने लिहिले आहे, मी सुरक्षिततेच्या अंगाने लिहितो, कारण ‘उद्यासाठी चार जास्त भाजून ठेवू’ हा विचार या धाग्यावर अनेकांच्या मनात येणार. टेक्सासमधील एल पासो येथे १९९४ मध्ये एका उपाहारगृहात फॉइलमध्ये भाजलेले बटाटे त्याच फॉइलमध्ये काही दिवस स्वयंपाकघरातल्या साध्या तापमानाला राहिले, पुढे त्यांचे डिप झाले आणि तीस जणांना बोटुलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणारी गंभीर विषबाधा झाली. मातीतून आलेल्या जिवाणूंचे बीजाणू भाजण्याच्या उष्णतेतही टिकतात, फॉइलच्या आत त्यांना हवेवाचून ओलसर जागा मिळते आणि तेथे ते विष तयार करतात. म्हणून उरलेले बटाटे फॉइलमध्ये असतील तर आधी फॉइल काढावे, ते फोडून गार करावेत आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावेत. फ्रिजमधून काढल्यावर त्यांचे काय करायचे, हे मराठी माणसाला सांगण्याची गरज नाही. थालीपिठाच्या भाजणीत कुस्करून घातलेला भाजलेला बटाटा उकडलेल्याहून चांगला लागतो, कारण त्यात पाणी कमी असते आणि पीठ सैल होत नाही.

नाकमुरडे

सासूबाईंना किंवा घरातल्या कोणाला मधुमेह असेल तर या जेवणाचे काय? भाजलेला बटाटा साखर झपाट्याने वाढवतो, असे माझ्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले आहे. या वेळचा आक्षेप गंमतीचा नाही.

पायरीवरची

सासूबाईंना मधुमेह आहे आणि तुमच्या डॉक्टरांचे म्हणणे योग्य आहे. भाजलेल्या बटाट्याचा ग्लायसेमिक निर्देशांक (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते याचे माप) चढा असतो, त्यामुळे त्यांना आम्ही अर्धाच बटाटा देतो, उसळ दुप्पट वाढतो आणि कोशिंबीर आधी खायला देतो. हे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवलेले आहे, ज्याने त्याने आपापल्या डॉक्टरांना विचारावे.

उसळ दुप्पट करण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते सर्वांनाच लागू पडते. २८० ग्रॅमच्या बटाट्यात प्रथिने पाच-सहा ग्रॅमच असतात. म्हणजे नुसता लोणी लावलेला बटाटा पोट भरतो आणि दोन तासांनी मुले पुन्हा बिस्किटांच्या डब्याशी उभी असतात. दुकानातल्या बीन्सचा अर्धा डबा घातला तर त्यातून नऊ-दहा ग्रॅमची भर पडते, तेव्हा शाळेचे जेवण मुळात चुकीचे नाही. ज्या दिवशी मोड आणायला विसरते त्या दिवशी मीही दुकानाच्या स्वतःच्या नावाचे स्वस्त बीन्स आणते आणि त्यांना कांदा-लसणाची, जिऱ्याची फोडणी देते.

जुनीपाने

या विषयाला जोडून लंडनची थोडी माहिती देण्याचा मोह आवरत नाही. हेन्री मेह्यू या पत्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनच्या रस्त्यांवरील विक्रेत्यांची जी नोंद केली, तीत भाजलेले बटाटे विकणाऱ्यांचा तपशील आहे. अर्ध्या पेनीला एक बटाटा मिळत असे, त्यावर मीठ आणि लोणी मिळे, आणि थंडीत लोक तो आधी खिशात ठेवून हात शेकून घेत आणि मग खात. मला त्यातली एक बाब तुमच्या चर्चेशी थेट जुळणारी वाटली. हे विक्रेते बटाटे स्वतः भाजत नव्हते. पाववाल्याच्या भट्टीत ते पैसे देऊन भाजून घेत आणि खाली कोळसा असलेल्या पत्र्याच्या डब्यात गरम ठेवून विकत. भट्टी पाववाल्याची, ती पावांसाठी तापलेलीच असे, आणि तिच्या उष्णतेतला थोडा वाटा बटाटेवाला विकत घेत होता. घड्याळजींनी वर मांडलेले गणित त्यांना चांगलेच ठाऊक होते म्हणायचे.

घड्याळजी

जुनीपाने, हे फारच आवडले. माझ्या लहानपणी साताऱ्यात दिवाळीच्या आधी नानकटाईचे ताट बेकरीत भाजायला नेऊन देत असू, तोही हाच प्रकार होता. ताटाखाली खडूने नाव लिहून द्यावे लागे आणि तरीही कधी शेजाऱ्यांचे ताट आपल्या घरी येत असे.

दुर्वांकुर

मिठाच्या कढईचा प्रयोग काल संकष्टीला केला. बटाटे आठ घेतले होते, त्यातले दोन तळाशी थोडे करपले, बाकी सहा आत मोकळे आणि साल खरपूस अशी झाली. फुफाट्याच्या जवळपास जाणारी चव आहे, तेवढी खोल नाही. उपवास असल्यामुळे वर दाण्याची आमटी, साजूक तूप आणि बाजूला खमंग काकडी घेतली. साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा खर्च कमी आला, आणि मुख्य म्हणजे रात्री पित्त झाले नाही. दाण्याची आमटी आंबटपणासाठी आमसूल घालून थोडी पातळच ठेवावी, बटाटा ती लगेच पितो.

पायरीवरची

दुर्वांकुर, आमटीची कल्पना उत्तम आहे, सासूबाईंना वाचून दाखवली तेव्हा त्या पहिल्यांदाच या प्रकाराविषयी उत्साहाने बोलल्या. पुढच्या एकादशीला त्याच करणार आहेत.

पाचव्या शुक्रवारचा हिशेब देते. थंड ओव्हनमध्ये सहा बटाटे वरच्या जाळीवर, खालच्या खोलगट ताटात दोन वांगी, सात टोमॅटो, लसणाचा गड्डा आणि कडेला दोन बीट ठेवले. पाऊण तासाने वांगी आणि टोमॅटो काढून घेतले, तासाने ओव्हन बंद केला आणि बटाटे व बीट आणखी बारा मिनिटे आतच राहू दिले. मीटरवर १.१ युनिट दिसले, म्हणजे पूर्वीच्या १.४ वरून खाली, आणि एवढ्या विजेत शुक्रवारचे बटाटे व चटणी, शनिवारचे भरीत आणि रविवारची बिटाची कोशिंबीर अशी तीन दिवसांची सोय झाली. चीज आणले नाही. शुक्रवारच्या जेवणाचा खर्च तीन पौंड साठ पेन्स आला. धाकट्याने चीज कोठे आहे असे विचारले, मग लसूण-टोमॅटोची चटणी खाल्ली आणि पुढे काही बोलला नाही. सहावा बटाटा आज सकाळी थालीपिठात गेला. भरीत मात्र, नाकमुरडे, ज्योतीवर धरूनसुद्धा तुम्ही म्हणता तसेच झाले.

नाकमुरडे

कोळशाचा एक निखारा वाटीत ठेवून त्यावर तूप सोडा आणि भरीताच्या पातेल्यावर पाच मिनिटे झाकण ठेवा. फक्त त्या आधी स्वयंपाकघरातला, धूर झाला की वाजणारा भोंगा कोठे बसवला आहे ते पाहून ठेवा.